मूळचे जालन्याचे

गेल्या पावसाळ्यात माझ्या बीपीच्या गोळ्या अंबडला जाऊन आल्या. मत्स्योदरी देवीचं दर्शन घेतलं की नाही ते माहीत नाही, पण चार दिवस मुक्काम केला एवढं खरं. चूक माझीच होती. पुण्याच्या भाच्याला पत्ता कळवताना पिनकोडच्या शेवटी तीनऐवजी चार लिहिला गेला. बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. घराचा नंबर, गल्ली, घर कुंडलिकेच्या कुठल्या अंगाला तेसुद्धा, आणि गावाचं नाव तर ठसठशीत. पण हल्ली पाकिटावरच्या अक्षरांना कोण विचारतो? आकडा म्हणाला अंबड, पार्सल गेलं अंबडला.

पोस्टमन ओळखीचा. सही घेता घेता म्हणाला, "काका, एका आकड्यानं चुकलात बगा."

"एकानंच ना?"

"एक म्हंजे पंचवीस किलोमीटर."

हा हिशेब मला पटला. शाळेत संख्यारेषा शिकवताना गुरुजी फळ्यावर आडवी रेघ मारायचे आणि म्हणायचे, प्रत्येक संख्येच्या शेजारी दुसरी संख्या राहते. पण त्या दोघींच्या मध्ये एवढं अंतर असू शकतं, वाटेत वावरं, ढाबे आणि दोन-चार गावं लागतात, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. जालना ४३१२०३, अंबड ४३१२०४. गोळ्या घेतल्या, पाणी प्यालो आणि सहज विचार आला, की हा जो आकडा मी पन्नास वर्षं पाकिटांवर, अर्जांवर, रेशनकार्डापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत लिहीत आलो, तो आहे तरी कसा? त्याच्या अंगात काय आहे? आपण शेजाऱ्याला रोज नमस्कार करतो, पण तो काय करतो हे विचारायचं राहूनच जातं, तसं झालं होतं.

आमच्याकडं १९७२ म्हटलं की दुष्काळ. 'बहात्तरचा' एवढंच म्हणायचं, पुढचा शब्द लागत नाही. त्या साली मी लहान होतो. त्या काळात बाहेरून आलेल्या दोन गोष्टी आठवतात, मिलो आणि पिनकोड. मिलो ही अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकरी कुणालाच आवडली नाही, पण सगळ्यांनी खाल्ली. पिनकोड १५ ऑगस्टला सुरू झाला. त्याचंही तसंच झालं. कल्पना एका मराठी माणसाची, टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच नावाची गावं गल्लोगल्ली, पत्ते बारा लिप्यांत, अक्षर त्याहून बारा तऱ्हांचं. त्यावर त्यांनी सहा अंकांचा उतारा काढला. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. आपला चार, त्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात. पहिले तीन अंक मिळून टपालाची जिथं छाननी होते तो जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे प्रत्यक्ष टपाल कचेरी.

आमचे पहिले तीन ४३१, म्हणजे औरंगाबाद. तेव्हा जालना हा जिल्हा नव्हताच. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद औरंगाबादकडून आले आणि परतूर परभणीकडून. वेगळं होऊन चाळीस वर्षं उलटून गेली, पाटी बदलली, गाड्यांना एमएच-२१ मिळालं, पण पत्त्यात आम्ही अजून थोरल्या घरचंच आडनाव लावतो. आता तर त्या थोरल्या घराचंही नाव बदलून छत्रपती संभाजीनगर झालं. आकडा मात्र ४३१च.

तर वही काढली. नातू म्हणाला, "आजोबा, मोबाईलवर एका सेकंदात येतं." मी म्हटलं, "बाळा, मला सेकंदात नकोय, श्रावण घालवायचाय."

पहिल्या कसोट्या तोंडपाठ होत्या. शेवटी तीन आहे, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज चार, तीन, एक, दोन, शून्य, तीन मिळून तेरा. तिनाचा भाग जात नाही, मग नवाचा कुठून जाणार? अकरासाठी एकाआड एक अंक घेतले, एकीकडे पाच, दुसरीकडे आठ, तेही जमेना. साताचा मोठा भरवसा होता. त्यानं ४३१२०० पर्यंत व्यवस्थित आणून सोडलं आणि शेवटच्या तिनावर हात टेकले. तेरा, सतरा, एकोणीस, सगळ्यांची बाकी उरली.

तेविसाला गंमत झाली. भाग लावत गेलो, लावत गेलो, आणि शेवटी बाकी बावीस. एक हवा होता. फक्त एक! रुपयाला पैसा कमी पडावा तसं वाटलं. त्रेचाळिसाला पुन्हा तेच, बाकी बेचाळीस. पुढं एकशे नऊ, बाकी एकशे आठ. तीन वेळा एकानं हुकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. मला जो एक कमी पडत होता तो अंबडला मिळाला होता! ४३१२०४ ला तेविसाचाही भाग जातो, त्रेचाळिसाचाही आणि एकशे नवाचाही. चार गुणिले तेवीस गुणिले त्रेचाळीस गुणिले एकशे नऊ, झालं अंबड. ज्या एकानं माझ्या गोळ्या पळवल्या, त्याच एकानं अंबडचा आकडा असा मनमोकळा, चौघांत मिसळणारा करून ठेवला होता.

मग मात्र हट्टाला पेटलो. वर्गमूळ साधारण ६५६.६६, त्यामुळे ६५३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या भरतात ११९. दुपारी वामकुक्षीच्या आधी दहा, वामकुक्षीनंतर चहा येईपर्यंत पाच. बायको स्वयंपाकघरातून विचारी, "अहो, लागला का भाग?" तिला वाटत होतं मी वीजबिल तपासतोय. कुठं बाकी नऊ राहिली, कुठं सव्वीस, पण शून्य कुठंही आलं नाही. बाराव्या दिवशी ६५३ ला बाकी २२३ उरली आणि मी पेन खाली ठेवलं. ४३१२०३ ला एक आणि स्वतः सोडून कुणाचाही भाग जात नाही.

ही झाली मूळ संख्या. हा शब्द मराठीनं कसा शोधला कोण जाणे, पण नामी शोधला. आपल्याकडं 'मूळ' म्हटलं की आधी गाव येतं. "तुम्ही मूळचे कुठले?" लग्न ठरवताना विचारतात, रेल्वेत विचारतात, दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा शेजारचा विचारतो. मूळ म्हणजे जमिनीत खाली गेलेलं, आणि जरा भीतिदायकसुद्धा, कारण मूळ नक्षत्रावर लेकरू जन्मलं की घरात आधी शांत करायची धांदल उडते. आमचं जालना नक्षत्रानं कुठल्या मुहूर्तावर बसलं ते मला ठाऊक नाही, पण आकड्यानं ते मूळच निघालं.

गणित शेवटी आमच्याकडं वावरावर येऊन टेकतं. समजा एखाद्याच्या मळ्यात मोसंबीची ४३१२०३ झाडं आहेत. (जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून झाडं मोसंबीचीच घेऊ.) म्हातारा गेला आणि वाटण्या आल्या. दोन लेक असले तर एक झाड उरतं, तीन असले तरी एकच उरतं. चार असले तर तीन उरतात. सहा असले तर पुन्हा एक, आणि सात असले तर तीन. कितीही लेक असोत, बांधावर झाड उरणारच, आणि उरलेल्या झाडावरून तालुक्याच्या कोर्टात किती पिढ्या जातात हे ज्यानं पाहिलंय त्याला या संख्येची दहशत कळेल. तेच झाड एक कमी असतं तर? ४३१२०२. दोघांत, तिघांत, सहांत सारखी वाटणी, कुणाची कुरकुर नाही. आणि ४३१२०२ हा पिनकोड आहे बदनापूरचा. बदनापूरकरांनी यावरून माणसांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत.

वाटणी सोडा, लावणीलासुद्धा ही झाडं ऐकत नाहीत. सारख्या लांबीच्या ओळी करायच्या म्हटल्या की कुठल्या ना कुठल्या ओळीत खाडा पडतो. एकच ओळ करायची तर सहा-सहा मीटरवर एक झाड धरून ती अडीच हजार किलोमीटरच्या पुढं जाते. एवढा लांब बांध सातबाऱ्यावर चढवायला तलाठी कुठून आणायचा?

आता एकदा नाद लागल्यावर जिल्हा का सोडा? आठही तालुक्यांचे आकडे मांडले. भोकरदन ४३१११४, सम आहेच, वर एकोणतिसाचाही भाग जातो. जाफ्राबाद ४३१२०६, सम. मंठा ४३१५०४ तर सोळा गुणिले १४९ गुणिले १८१ असा अगदी बांधेसूद निघाला. परतूरला, ४३१५०१ ला, साताचा भाग जातो, जो जालन्याला गेला नव्हता. घनसावंगीनं दमवलं. ४३१२०९ दिसायला अगदी मूळ, साठपर्यंत कुणालाच दाद देत नाही, आणि मग एकसष्टला एकदम उलगडतं, ६१ गुणिले ७०६९. समर्थ रामदासांचं जांब त्याच तालुक्यातलं. तेव्हा दिसतं तसं नसतं हे तिथल्या आकड्यानं सांगावं यात नवल नाही.

आठांत मूळ फक्त जालना. त्यात चमत्कार वगैरे काही नाही. चार लाखांच्या या वस्तीत सरासरी तेरा संख्यांमागे एक मूळ निघतेच, आणि आठांतल्या पाच तर सम असल्यानं आधीच बाद होत्या. टपाल खात्यानं अमुक गावाला मूळ संख्या द्या असा ठराव काही केला नव्हता. क्रमानं आकडे वाटत गेले, आमच्या वाट्याला हा आला. तरीही मला आनंद झाला, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही. 'जालना सोन्याचा पाळणा' असं अभिमानानं म्हणणारं हे गाव. सोनं काही आम्ही पाहिलं नाही, लोखंड मात्र रग्गड पाहिलं. सळया मोजून, बियाणं तोलून आणि टँकर मोजून आमची हयात गेली. फुकट मिळालेला एक दागिना अंगावरच होता, तो पन्नास वर्षांनी दिसला.

जालन्यातल्याच बऱ्याच पत्त्यांवर ४३१२१३ हा दुसराही आकडा असतो. आमच्या एका व्याह्यांचा तोच आहे, आणि व्याह्यांपेक्षा आपण सरस ठरावं ही इच्छा कुणाला नसते? पुन्हा ११९ भागाकार केले. पुन्हा शून्य कुठं नाही! तोही मूळ. मधल्या संख्या पाहिल्या तर ४३१२०५ ला पाचाचा भाग जातो, ४३१२०७ ला साताचा, ४३१२०९ म्हणजे घनसावंगी आणि ४३१२११ ला तिनाचा. समांचा प्रश्नच नाही. म्हणजे मूळ संख्यांच्या रांगेत हे दोघे अगदी लागून उभे आहेत, कुंडलिकेच्या दोन काठांवर जुनं आणि नवं जालना उभं असावं तसे.

पण एका बाबतीत व्याही पुढं गेले. फ्रान्सच्या फर्मानं सतराव्या शतकात सांगून ठेवलंय की दोन सोडून कुठल्याही मूळ संख्येला चारानं भागा. बाकी एक उरली तर ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, तीन उरली तर जन्मात येत नाही. ४३१२१३ ला बाकी एक उरते. शोधत गेलो आणि सापडलं, ५६३ चा वर्ग अधिक ३३८ चा वर्ग. त्यांच्या आकड्याचे दोन चौकोनी तुकडे नीट पडतात. माझ्या ४३१२०३ ला बाकी तीन. माझा तसाही मोडत नाही आणि असाही मोडत नाही. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "त्यासाठी वही कशाला लागली?"

या सगळ्या उद्योगात मनात सारखे येत होते ते द. रा. कापरेकर. १९०५ साली डहाणूत जन्म, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीच्या शाळेत मास्तरकी. ना विद्यापीठाची खुर्ची, ना मोठी पदवी. मात्र आकड्यांशी असा घरोबा की जिथं सुचलं तिथलं गाव आकड्याला चिकटवून टाकायचे. डोंबिवलीला सुचल्या त्या 'डेम्लो' संख्या. कुठल्याच संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून ज्या तयार होत नाहीत, त्या स्वयंभू संख्यांना त्यांनी देवळालीचं नाव दिलं. आमचं उलटं झालं. इथं गावाला आकडा चिकटला. मी लगेच पाहिलं जालना स्वयंभू आहे का. नाही. ४३११८३ घ्या, त्याच्या अंकांची बेरीज वीस, दोन्ही मिळवा, जालना हजर. जरा हिरमुसलो. अंकांच्या बेरजेचा निःशेष भाग जातो त्या कापरेकरांच्या हर्षद संख्या. तिथंही तेरानं दगा दिला.

मग त्यांचा तो प्रसिद्ध खेळ लावला. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करायचे, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही. कापरेकरांनी हे १९४९ च्या सुमारास मांडलं. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला देवळालीचे मास्तर कळले. सहा अंकी संख्यांचं तसं एकच विश्रांतिस्थान नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि उरलेल्या सात संख्यांच्या एका रिंगणात सापडतात ते कायमच्या.

जालन्याचे अंक मांडले. ४३३२१० वजा ०१२३३४. आले ४२०८७६. आरंभीच चारशेवीस पाहून जरा चरकलो, पण पुढं गेलो. ८५१७४२. मग ७५०८४३. मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४. आणि पुढची वजाबाकी केली तर पुन्हा ४२०८७६! पहिल्याच पावलाला गाव रिंगणात शिरलं होतं. इतर संख्या आधी थोड्या इकडंतिकडं भटकतात. आमची घरातून निघाली ती थेट घाण्याला. त्या रात्री वीज गेली होती, मेणबत्तीच्या उजेडात मी ते रिंगण तीनदा फिरलो.

वेलणकरांचं एक सांगायचं राहिलं. टपालातला हा अधिकारी संस्कृतातला कवी होता. त्यांनी विलोमकाव्य रचलं, सरळ वाचलं तर राम, उलटं वाचलं तर कृष्ण. म्हणून मीही जालना उलटं वाचून पाहिलं. ३०२१३४. कृष्ण काही निघाला नाही. ३०२ नं सुरू होणारे पिनकोड जयपूरचे. शिवाय आमच्या पिढीला ३०२ म्हटलं की पिनकोड आठवत नाही, खुनाचं कलम आठवतं. तेही १ जुलै २०२४ पासून १०३ झालं. वर ३०२१३४ ही सम संख्या. उलट्या बाजूनं आमच्यात फारसं काही नाही.

एवढं सगळं कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मूळ संख्यांचं जगात मोठं चाललंय, २०२४ मध्ये सापडलेली सगळ्यात मोठी ज्ञात मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची आहे, वगैरे नातवाला सांगितलं. त्याला ते आधीच माहीत होतं. मग दाराशी पोस्टमन आला तेव्हा त्याला बसवलं, चहा दिला आणि वही उघडून दाखवली. तो शांतपणे ऐकत होता. ११९ भागाकार त्यानं पानं उलटून पाहिले. मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली.

"मंग काका, आता बदलनार का काय आकडा?"

"नाही रे, बदलायचा कशाला? उलट चांगला आहे."

"मंग झालं," तो कप ठेवत म्हणाला. "बदलत नसंल तर चांगलाच हाय."

तुम्हाला कधी जालन्याला काही पाठवायचं झालं तर एवढंच ध्यानात ठेवा, शेवटी तीन. चार लिहिलंत तर ते अंबडला जाईल.